वाळत घातलेले वर्ष

जपानी काष्ठमुद्राचित्रांतली स्त्री आणि ऋतू ही जोडी आपण बहुधा शोभा म्हणून पाहतो. सुझुकी हारुनोबूचे १७६५ मधले वळिवाच्या सरीचे चित्र मात्र तसे पाहू देत नाही. सर आली आहे. बाई वाळत घातलेले कपडे काढायला धावते आहे. एका पायातली खडाव निसटली आहे.

त्या वाळत्या किमोनोच्या नक्षीत वर्षाचे नाव आणि तीस दिवसांच्या मोठ्या महिन्यांचे आकडे दडवले आहेत: २, ३, ५, ६, ८, १०. पंचांग छापण्याचा हक्क परवानाधारकांपुरताच होता. म्हणून एदोतले हौशी धनिक अशी चित्र-पंचांगे खाजगीत करवून घेत आणि नववर्षाला एकमेकांना देत. बहुरंगी छपाई बहरली ती याच हौसेच्या पैशावर.

पुढे अशी बरीच चित्रे आकडे खोडून बाजारात आली. त्याने चित्राचे काही बिघडत नाही, हे मला पटत नाही. या चित्रातले आकडे झाकून पाहावेत. आकड्यांसह पाहिले तर बाई भिजू लागलेले अख्खे वर्ष वाचवायला धावते (हा विनोद हारुनोबूला नक्कीच अभिप्रेत असावा). आकडे झाकले, की उरतात वाऱ्याने उडालेले वस्त्र आणि उघडा पाय.