प्रतिमांचे ग्रंथालय आणि पाठचिकित्सेचा प्रश्न

मेवाडच्या रामायणाची चित्रपोथी २०१४ साली डिजिटल रूपात ‘एकत्र’ आली, असे सांगितले जाते. लंडनची ब्रिटिश लायब्ररी आणि मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय यांनी त्यासाठी पुढाकार घेतला. राजस्थान आणि बडोदे येथील संग्रहांतील तसेच खासगी संग्रहातील पत्रांच्या प्रतिमाही तीत सामील झाल्या. सांस्कृतिक वारशाच्या आंतरराष्ट्रीय प्रतिमा-ग्रंथालयांचा गौरव करताना हे उदाहरण हमखास दिले जाते, आणि ते योग्यच आहे. मात्र ‘एकत्र येणे’ या क्रियापदाने येथे नेमके काय घडल्याचे सूचित होते, याची चिकित्सा सहसा होत नाही.

राणा जगत्सिंहाच्या आश्रयाने ही पोथी १६४९ ते १६५३ या काळात सिद्ध झाली. लेखन महात्मा हीरानंद याचे. चित्रे सुमारे चारशे. त्यांतील काही कांडे साहिबदीनच्या चित्रशाळेतली, बालकांड मनोहरचे, तर काही पत्रांवर दख्खनी वळण दाखवणारा एक अनाम हात. १९व्या शतकाच्या आरंभी महाराणा भीमसिंहाने तिचे काही खंड जेम्स टॉडला भेट दिले. टॉडकडून ते ड्यूक ऑफ ससेक्सच्या ग्रंथसंग्रहात गेले आणि १८४४ साली ब्रिटिश म्युझियमने विकत घेतले. मनोहरचे बालकांड भारतात राहिले व पुढे मुंबईच्या संग्रहालयात आले. पोथी विभागली गेली ती अशी, दान आणि खरेदी अशा सर्वस्वी वैध वाटणाऱ्या व्यवहारांतून. डिजिटल एकत्रीकरणाने यांतील एकाही व्यवहाराला धक्का लागत नाही. पत्रे जागची हलत नाहीत. हलतात त्या प्रतिमा. तेव्हा ‘एकत्रीकरण’ हा शब्द प्रत्यावर्तनाची भावना जागवतो आणि प्रत्यावर्तनाचा प्रश्न मात्र बाजूला सारतो, असे म्हणणे भाग आहे.

पण प्रस्तुत लेखकाला अधिक महत्त्वाचा वाटतो तो दुसरा मुद्दा. असे प्रतिमा-ग्रंथालय हे मूलतः एक संपादन असते. कोणते पत्र कोणत्या क्रमाने यावे, पत्राची कोणती बाजू आधी दिसावी, चित्राचे नाव काय ठेवावे, कोणत्या नोंदीवरून ते शोधता यावे, हे सर्व निर्णय संपादकीय आहेत. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीने (आदिपर्व १९३३, समग्र संहितेची पूर्तता १९६६) आपल्याला एक शिस्त लावून दिली आहे. वि. स. सुकथनकरांच्या निष्कर्षांशी वाद घालता येतो, याचे कारण त्यांनी आपली तत्त्वे प्रस्तावनेत मांडली आणि वगळलेले पाठ तळटीपांत ठेवले. प्रतिमा-ग्रंथालयाचा संपादक बहुधा अदृश्य असतो. त्याचे निर्णय तांत्रिक व्यवस्थेत विरघळून गेलेले असतात आणि वाचकाला ते निसर्गदत्त वाटू लागतात.

याचा परिणाम वाचनावर होतो. युद्धकांडातील साहिबदीनचे एक प्रसिद्ध पत्र पाहावे. रावण आणि इंद्रजित यांची मसलत, नागपाशात जखडून पडलेले राम-लक्ष्मण, पुष्पक विमानातून ते पाहणारी सीता हे सारे एकाच चौकटीत आहे. काळाचे अनेक क्षण एका अवकाशात मांडणारी ही निवेदनपद्धती आहे. कोणता प्रसंग आधीचा हे चित्र सांगत नाही. कथा आधीपासून मनात असलेला पाहणारा आपल्या नजरेच्या भ्रमणातून तो क्रम लावतो. पडद्यावर प्रतिमा मोठी करता येते, ही सोय मोलाची आहे. साहिबदीनच्या वानरांचे केस आता मोजता येतील! परंतु मोठे करताना चौकट सुटते, आणि चौकट सुटली की या निवेदनाचा व्यूहच सुटतो. तपशील हाती लागतो, तो प्रसंगापासून तुटून.

शिवाय पत्राच्या दुसऱ्या अंगाला वाल्मीकीची संहिता आहे. हीरानंदाची अक्षरे आणि साहिबदीनचे चित्र ही एकाच पत्राची दोन अंगे होत, आणि पोथी वाचणाऱ्याला पत्र उलटावेच लागत असे. ‘प्रतिमा’ हे ग्रंथालयाचे एकक ठरले की चित्र हे मुख आणि संहिता ही पाठ होऊन बसते. वर्णने इंग्रजीत असतात. त्यांत चित्रातील पात्रे ओळखून दिलेली असतात. श्लोक मात्र पार्श्वभूमीला जातो. म्हणजे पोथी एकत्र आली ती चित्रसंग्रह म्हणून. ग्रंथ म्हणून ती अजून यायची आहे.

या व्यवस्थेच्या टिकाऊपणाबद्दलही भाबडेपणा नको. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीच्या संगणकव्यवस्थेवर हल्ला झाला आणि तिची डिजिटल हस्तलिखिते दीर्घकाळ दिसेनाशी झाली. कागदाची पोथी त्या काळातही आपल्या जागी सुरक्षित होती. अनेक देशांच्या सामायिक वारशाची किल्ली एकाच संस्थेच्या खिशात असण्याचा हा अर्थ आहे. प्रतिमांच्या पूर्ण प्रती सर्व भागीदार संस्थांकडे, आपापल्या भाषांतील नोंदींसह, स्वतंत्रपणे ठेवणे मुळीच अशक्य नाही.

बडोद्याच्या प्राच्यविद्या संस्थेने १९६० ते १९७५ या काळात वाल्मीकिरामायणाची चिकित्सक आवृत्ती सात खंडांत प्रसिद्ध केली. हीरानंदाचा पाठ त्या आवृत्तीशी श्लोकशः ताडून पाहावा, आणि जेथे तो वेगळा आहे तेथे चित्रकार कोणत्या पाठाला अनुसरतो हे तपासावे, हे काम आता बसल्या जागी आरंभता येईल. त्यासाठी प्रत्येक पत्राच्या संहितेचे देवनागरी लिप्यंतर प्रतिमेशेजारी हवे आणि कांड-सर्ग-श्लोकांच्या क्रमांकाने ते शोधता यायला हवे.