सागरी हिमाचे वितळणे : वाऱ्याचा वाटा आणि त्याचे गणित

आर्क्टिक महासागरावरील हिमाचे क्षेत्र मार्चमध्ये सर्वाधिक व सप्टेंबरमध्ये सर्वांत कमी असते. १९७९ पासूनच्या उपग्रह-नोंदींनुसार सप्टेंबरमधील क्षेत्र घटत आले असले, तरी ही घट सरळ रेषेत झालेली नाही. २०१२ मध्ये ते सुमारे ३४ लाख चौ. कि.मी. इतके खाली आले. पुढच्याच वर्षी ५० लाखांवर गेले. बारा महिन्यांत पृथ्वीची उष्णता एवढी पालटत नाही, वारे मात्र पालटतात. वितळण्याच्या हंगामातील वायुदाबाच्या रचनेकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले गेले ते यामुळेच.

२००७ चा उन्हाळा हे या रचनेचे ठळक उदाहरण होय. ब्यूफोर्ट समुद्रावर अधिक दाब आणि सायबेरियाच्या बाजूस कमी दाब अशी स्थिती त्या उन्हाळ्यात टिकून राहिली. दोहोंमधून पॅसिफिककडील उबदार वारे ध्रुवाकडे वाहिले व हिम ग्रीनलंडच्या दिशेने लोटले गेले. त्यातील काही फ्राम सामुद्रधुनीतून अटलांटिकमध्ये निघून गेले. अधिक दाबाच्या प्रदेशात आकाश निरभ्र राहिल्याने सूर्यकिरण थेट पोहोचले. उघडे पाणी त्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक शोषून घेते, हे येथे लक्षात घ्यावे लागते.

अशा निरीक्षणांना संख्यात्मक रूप देण्याचा महत्त्वाचा प्रयत्न चिंगहुआ डिंग व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ‘नेचर क्लायमेट चेंज’मधील शोधनिबंधात केला. सप्टेंबरमधील घटीत उन्हाळी वातावरणीय अभिसरणाचा वाटा ६० टक्क्यांपर्यंत असावा आणि एकूण घटीपैकी ३० ते ५० टक्के घट आंतरिक, म्हणजे नैसर्गिक, चढउतारांमुळे झाली असावी, असे त्यांचे प्रतिपादन आहे. ग्रीनलंड व आर्क्टिकवर बळावलेल्या प्रत्यावर्तामुळे खालची हवा उष्ण व दमट होते आणि हिमाकडे येणारे दीर्घलहरी प्रारण वाढते, ही त्यातील कार्यकारणमीमांसा पटण्याजोगी आहे. निबंधाचे खरे मोल तिच्यात आहे.

टक्केवारीबाबत मात्र आक्षेप संभवतात. ‘आंतरिक’ हे विशेषण बव्हंशी यावरून ठरते की, हरितगृह वायूंची वाढ गृहीत धरून चालवलेली प्रतिमाने सरासरीने असा अभिसरण-बदल दाखवत नाहीत. प्रतिमानांना जे दाखवता येत नाही ते निसर्गाचेच, हे अनुमान प्रतिमानांच्या अचूकतेवर विसंबलेले आहे. दुसरा आक्षेप अधिक मूलगामी ठरतो. वारा आणि तापमानवाढ यांचे वाटे परस्परांपासून वेगळे काढता येतात, असे ही विभागणी मानते. परंतु जाड, बहुवर्षीय हिमावरून जाणारा वारा आणि पातळ, एकवर्षीय हिमावरून जाणारा तोच वारा यांचा परिणाम सारखा होत नाही.

ऑगस्ट २०१२ मधील आवर्ती वादळ या दृष्टीने तपासण्याजोगे आहे. त्याचा केंद्रीय दाब ९६६ हेक्टोपास्कलपर्यंत उतरला होता. त्या वर्षीच्या नीचांकाचे श्रेय (शब्द विचित्र खरा) या वादळाला देणे सोपे होते. जिनलुन झांग व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रतिमानातून ते वादळ वगळून पाहिले, तेव्हा सप्टेंबरमधील किमान क्षेत्र अवघ्या दीड लाख चौ. कि.मी.ने वाढले. विक्रम तसाच राहिला, कारण हिम आधीच पातळ झालेले होते. हे पातळपण कोणाच्या खाती मांडायचे? त्यातील काही भाग वाऱ्याचाही आहे. रिगर व वॉलेस यांनी २००४ मध्ये दाखवल्याप्रमाणे, १९८९-९० च्या सुमारास आर्क्टिक आंदोलनाच्या तीव्र धन अवस्थेत जुने, जाड हिम मोठ्या प्रमाणावर बाहेर वाहून गेले. पुढे ते आंदोलन पूर्वपदावर आले. जाड हिम मात्र परतले नाही.