चिकटवलेलं कुसू

क्राफ्ट्समन शैलीचं हॉल-टेबल म्हणजे काय, ते आधी बघूया. गुस्ताव स्टिकली या अमेरिकन फर्निचरवाल्यानं १९०१ साली ‘द क्राफ्ट्समन’ मासिक सुरू केलं. घरी फर्निचर करायचे आराखडेही त्यात छापले. जोड लपवायचा नाही, हा त्याचा हट्ट. आडव्या पट्टीचं कुसू पायाच्या आरपार जाऊन पलीकडे दिसलं पाहिजे. टेबल कशाच्या जोरावर उभं आहे, ते दिसतं.

आपल्या चाकण पट्ट्यात पाइनच्या खोक्यांची फळी भंगारात मिळते. बाहेरदेशातून आलेल्या खोक्यावर ‘एचटी’ शिक्का असतो. म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलंय. (‘एमबी’ असेल तर विषारी धुरी दिलेली, ते घरात नकोच.) फळी झकास. पण होतं काय? सांगाडा स्क्रूवर, वरून सागवानी रंग, आणि पायाला बाहेरून कुसवाचा नुसता तुकडा चिकटवलेला! दिवसभर कारखान्यात मायक्रॉन मोजणारी आपली माणसं घरी असलं कुसू कसं चालवून घेतात, हे आम्हांला कळत नाही. स्क्रूच वापरलेत ना? मग दिसू द्या की. खिळ्यांची भोकं, तो शिक्काही राहू द्या. आणि कुसूच हवं असेल तर पाइन मऊ असतं. कुसू जरा जाड ठेवा, पटाशीला धार लावा.