घरबसल्या प्रवास आणि आपली कोरी पाने

मराठीत प्रवासवर्णनाला वाचक मिळाला नाही, असे सहसा झालेले नाही. अनंत काणेकरांचे 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' १९४० साली आले, पु. ल. देशपांडे यांची 'अपूर्वाई' १९६० साली. ती आजही तितक्याच आवडीने वाचली जाते. पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या मोठ्या दुकानांत प्रवासवर्णनांची रांग असते आणि तिच्या जवळच अनुवादित आत्मकथनांची. ही पुस्तके घेणारा वाचक स्वतः परदेशी जाईलच असे नाही. रविवारी दुपारी खुर्चीत बसून तो इस्तंबूल, तेहरान, काबूल पाहून येतो. या वाचकांत आपणही आहोत. म्हणून दोन प्रश्न विचारायला हवेत. या पुस्तकांतून मुस्लिम मराठी वाचकाला काय मिळते? आणि या रांगेत त्याने स्वतः काय ठेवले आहे?

गेल्या दोन-तीन दशकांत मराठी वाचकाला मुस्लिम देश सर्वांत अधिक आपुलकीने कोणी दाखवले असतील, तर ते मीना प्रभू यांनी. पुण्याशी जन्माचे नाते असलेल्या आणि लंडनमध्ये स्थायिक झालेल्या या लेखिकेचे २०२५ मध्ये निधन झाले. त्यांची 'तुर्कनामा', 'गाथा इराणी' आणि 'इजिप्तायन' ही पुस्तके अनेक घरांत आहेत. आधी अभ्यास करायचा, मग निघायचे आणि भेटलेल्या माणसाला मोकळेपणाने प्रश्न विचारायचे, ही त्यांची रीत. इराण म्हणजे फक्त क्रांती आणि काळी वस्त्रे, एवढीच ज्यांची समजूत होती, त्यांना या पुस्तकांनी तिथली माणसेही दाखवली. हे काम लहान नाही.

तरीही या प्रकारच्या लेखनाला एक मर्यादा असते आणि ती लेखकाच्या हेतूत नाही, प्रवाशाच्या जागेत आहे. पाहुण्याला घराची बैठक दिसते, माजघर दिसत नाही. इराणमध्ये परदेशी स्त्रीलाही डोके झाकावे लागते. पेठेतल्या वाचकाला ही दूरदेशची नवलाई वाटते. कोंढव्यातल्या किंवा कॅम्पातल्या वाचकाच्या घरी मात्र त्याच कापडावरून आई आणि मुलीत वाद झालेला असतो. तो वाद सक्तीचा आहे की निवडीचा, श्रद्धेचा आहे की ओळखीचा, हे त्याला ठाऊक असते. एकाच पानाचे असे दोन अर्थ होतात, आणि आपला अर्थ अजून कोणी लिहिलेला नाही. प्रतिभा रानडे काबूलमध्ये राहिल्या आणि अफगाणिस्तानवर त्यांनी लिहिले. ते वाचताना राहणे आणि पाहून येणे यांतला फरक कळतो.

अनुवादित आत्मकथनांची गोष्ट वेगळी आहे. बेटी महमूदी यांचे 'नॉट विदाउट माय डॉटर' मूळ इंग्रजीत १९८७ साली आले. लीना सोहोनी यांच्या अनुवादातून ते मराठीत आले आणि खूप वाचले गेले. सुष्मिता बॅनर्जी यांचे 'काबुलीवाल्याची बंगाली बायको' हेही तसेच. ही पुस्तके खोटी आहेत, असे म्हणून आपली सुटका होणार नाही. त्यांतल्या बाईने सोसलेले खरे आहे, आणि आपल्या मोहल्ल्यातही तसे सोसणाऱ्या बाया आहेत. आक्षेप आहे तो निवडीवर. मुस्लिम देशांतून येणारी बहुतेक आत्मकथने सुटकेचीच असतील, तर वाचकाच्या मनात त्या देशांना एकच दरवाजा उरतो, बाहेर पडण्याचा. सुष्मिता बॅनर्जी पुढे अफगाणिस्तानात परतल्या, तिथे आरोग्यसेविका म्हणून काम करू लागल्या आणि २०१३ मध्ये त्यांची हत्या झाली. त्या परत का गेल्या, हा प्रश्न पलायनाच्या कथेत बसत नाही. पण त्यांचे आयुष्य समजून घ्यायचे तर तोच महत्त्वाचा आहे.

आपला प्रवासी परक्याकडे निर्मळ नजरेने पाहतो, असेही नाही. इब्न बतूता १३२५ साली टँजियरहून निघाला, तेव्हा एकवीस वर्षांचा होता. तो दौलताबादला आला. तिथली द्राक्षे आणि डाळिंबे, आणि गाणाऱ्यांचा बाजार त्याने टिपला. त्या बाजारातही मशिदी होत्या आणि रमजानात तरावीहची नमाज होत असे, हे त्याने नोंदवले, म्हणून आज आपल्याला कळते. हाच माणूस मालदीवमध्ये काझी झाला, तेव्हा तिथल्या मुस्लिम स्त्रियांच्या पोशाखावर नाराज झाला. त्याने हुकूम काढले, त्या बायांनी ते मानले नाहीत. स्वतःचा हा पराभवही त्याने सांगून टाकला. प्रवासवर्णनाचा कस इथे लागतो. लेखकाची नजर तिरपी असली तरी चालते, ती तिरपी आहे हे वाचकाला दिसले पाहिजे.

अलीकडच्या पुस्तकांत 'थ्री सेंच्युरीज ऑफ ट्रॅव्हल रायटिंग बाय मुस्लिम विमेन' हा २०२२ चा इंग्रजी संग्रह आपण आवर्जून पाहावा. सतराव्या शतकाच्या अखेरीस इस्फहानच्या एका विधवेने फारसी पद्यात सांगितलेल्या हजयात्रेपासून त्याचा पट सुरू होतो. त्यात आपल्या जंजिऱ्याच्या दोघी बहिणी आहेत. अतिया फैजी १९०६ मध्ये शिक्षिकेचे प्रशिक्षण घेण्यासाठी लंडनला गेल्या आणि प्रकृती बिघडल्याने अभ्यासक्रम पुरा न करताच परतल्या. त्यांची घरी पाठवलेली पत्रे लाहोरच्या 'तहजीब-ए-निस्वाँ'त छापून आली आणि १९२१ मध्ये 'जमाना-ए-तहसील' या नावाने त्यांचे पुस्तक झाले. जंजिऱ्याच्या बेगम नाजली १९०८ च्या युरोप प्रवासात इस्तंबूलपर्यंत गेल्या. त्यांचे 'सैर-ए-यूरोप' आहे. मुरूडला सुट्टीत शिडाच्या होडीतून किल्ला पाहायला जाणाऱ्या मराठी पर्यटकाला या बायांची नावे ठाऊक नसतात. ती सांगायची कोणी? उर्दूतून मराठीत आणण्याचे हे काम ज्यांना दोन्ही भाषा येतात त्यांचे, म्हणजे आपले आहे.

पण केवळ राजघराण्यातल्या प्रवाशांवर भागणार नाही. ब्रिटिश कंपन्यांच्या जहाजांवर रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान खलाशी पिढ्यान् पिढ्या होते. केप टाउनमध्ये कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती आहे. १९९५ पर्यंत मुंबईहून हाजी जहाजाने जात. सत्तरच्या दशकापासून गावोगावची तरुण मुले आखातात गेली. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेतवर हल्ला केला. त्यानंतर सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना एअर इंडियाच्या विमानांनी मायदेशी आणले. त्यांतले असंख्य लोक वाळवंट ओलांडून अम्मानला पोहोचले होते. घरबसल्या साहस वाचणाऱ्याला याहून मोठे साहस कोणते हवे? या अनुभवांची पुस्तके मराठी दुकानांतल्या रांगेत दिसत नाहीत. ते ओटीवर सांगितले गेले, कॅसेटवर भरून घरी आले आणि सांगणाऱ्यांबरोबर संपत चालले आहेत.

आम्ही काय लेखक आहोत, असे उत्तर यावर मिळते. त्यांच्यासाठी मराठीतच उदाहरण आहे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे हौसेने निघाले नव्हते. घरावर कर्ज होते आणि उत्तरेत यज्ञाची दक्षिणा मिळेल अशी आशा होती. वाटेत १८५७ चे बंड त्यांना गाठून बसले. जे पाहिले ते त्यांनी पुढे लिहून काढले. 'माझा प्रवास' त्यांच्या मृत्यूनंतर १९०७ मध्ये छापले गेले आणि आज इतिहासकारही ते उघडतात. कर्ज फेडायला निघालेला भिक्षुक आणि बहिणीच्या लग्नासाठी दुबईला गेलेला वेल्डर यांच्या निघण्यात फार अंतर नाही. गोडसे भटजींना चिंतामणराव वैद्य यांनी लिहा म्हणून गळ घातली, एवढाच काय तो फरक.

१९९० मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून आपण कविता, कथा आणि वैचारिक लेख पुष्कळ लिहिले. प्रवास मात्र दुसऱ्यांचे वाचत राहिलो. आता अशा वार्षिकांनी दरवर्षी निदान एका निवृत्त खलाशाकडून, एका हाजी बाईकडून, एका आखाती कामगाराकडून आठवणी लिहून घ्याव्यात. लिहिता येत नसेल तर कोणी बसून उतरून घ्याव्यात. बोली कोकणी असो वा दखनी, ती फार घासूनपुसून गुळगुळीत करू नये. अतियांची पत्रे त्यांच्या बहिणीने, जोहरा यांनी संपादित करून छपाईला दिली होती. प्रत्येक घरात अशी एक बहीण असतेच. तिला कागद आणि थोडा वेळ मिळायला हवा.