‘स्मृतिचित्रे’तील सेवाभाव आणि नेतृत्व : एक चिकित्सा

प्रस्तावना :
ख्रिस्ती धर्मविचारात नेतृत्व आणि सेवा या परस्परांहून भिन्न गोष्टी मानल्या जात नाहीत. योहानाच्या शुभवर्तमानातील तेराव्या अध्यायात येशू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो. जो गुरू तोच सेवक, हा त्या प्रसंगाचा आशय होय. मराठी वाङ्मयात या आदर्शाचे उदाहरण म्हणून रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांचे नाव आदराने घेतले जाते. ते योग्यच आहे. परंतु लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनाचे सूक्ष्म वाचन केल्यास या आदर्शाची दुसरी बाजूही दिसते. निःस्वार्थ नेतृत्वाचा भार प्रत्यक्षात कोण वाहतो, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

खानदेशचा कवी, नगरचे घर :
या प्रश्नाचा एक धागा खानदेशाशी जोडलेला आहे. धरणगाव येथे १८९० मध्ये जन्मलेल्या त्र्यंबक बापूजी ठोमरे यांना जळगावच्या १९०७ च्या कविसंमेलनात अध्यक्ष डॉ. कीर्तिकर यांनी ‘बालकवी’ म्हणून गौरविले. पुढे त्यांना टिळकांच्या अहमदनगर येथील घरी आश्रय व मार्गदर्शन लाभले. टिळक ख्रिस्ती धर्माचे प्रचारक होते, तरीही बालकवी अखेरपर्यंत हिंदूच राहिले. १९१८ मध्ये जळगावनजीक भादली येथे रेल्वे अपघातात त्यांचा अंत झाला. प्रतिभेला आसरा द्यावा, परंतु तिच्यावर हक्क सांगू नये, हा टिळकांच्या नेतृत्वाचा उदात्त विशेष येथे दिसतो. मात्र आसरा म्हणजे केवळ प्रोत्साहनाचे शब्द नव्हेत. रोजचे जेवण, अंथरूण, आजारपणातील देखभाल यांनी तो सिद्ध होतो. आणि ही कामे लक्ष्मीबाईंच्या वाट्याची होती.

त्यागाचा भार :
टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा पत्नीची संमती घेतली नव्हती. त्या निर्णयातून आलेली काही वर्षांची ताटातूट लक्ष्मीबाईंना सोसावी लागली. टिळकांचे औदार्य, दुष्काळातील निराधार मुलांना घरी आणणे, १९१७ मध्ये मिशनच्या वेतनाचा त्याग करून सातारा येथे ‘देवाचा दरबार’ स्थापन करणे, या साऱ्यांतून त्यांची निरिच्छता प्रकट होते. परंतु हातचे पैसे देऊन टाकणारा एक, तर उद्याच्या शिध्याची काळजी करणारी दुसरी, असेच चित्र ग्रंथात वारंवार येते. लक्ष्मीबाई हे सर्व विनोदाने सांगतात. वाचक हसतो आणि हसता हसता हिशेब करावयाचे विसरतो. ग्रंथाच्या प्रसन्न शैलीची प्रशंसा करणाऱ्या समीक्षेचेही बहुधा असेच झाले आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. लक्ष्मीबाईंना केवळ सोसणारी पत्नी ठरविणे हा त्यांच्यावर अन्यायच होईल. सोवळ्याओवळ्याचे संस्कार त्यांनी कोणाच्या आज्ञेने नव्हे, तर स्वतः विचार करून सोडले. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या निश्चयाने. प्लेगच्या साथीत रुग्णांची शुश्रूषा केली. टिळकांचे अपूर्ण राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य पुढे नेण्याचे कार्यही त्यांनीच हाती घेतले. हा आक्षेप ग्राह्य आहे. किंबहुना त्याने मूळ मुद्दा अधिक दृढ होतो. सेवा त्यांच्यावर प्रथम लादली गेली, नंतर त्यांनी ती आपलीशी केली. या दोन अवस्थांतील अंतर ग्रंथ लपवीत नाही.

सेवकाची लेखणी :
टिळकांच्या चरित्रासाठी आठवणी लिहाव्यात, या पुत्र देवदत्त यांच्या आग्रहातून हे लेखन घडले. चरित्राला साहाय्य म्हणून लिहिलेला मजकूर स्वतंत्र ग्रंथ ठरला. या संदर्भात धुळे येथील कारागृहाचे स्मरण होते. १९३२ मध्ये तेथे विनोबांनी गीतेवर दिलेली प्रवचने साने गुरुजींनी लिहून घेतली, म्हणून ती ‘गीता प्रवचने’ या रूपाने उपलब्ध झाली. धर्मपरंपरा भिन्न असली तरी लेखणी हातात घेणाऱ्याची सेवा दोन्हीकडे आहे. भेद इतकाच की, साने गुरुजींनी स्वतःला संपूर्णपणे मागे ठेवले. लक्ष्मीबाईंनी तसे केले नाही. त्यांनी नायकाचे मोठेपण आणि त्याच्या मोठेपणाचा घराला पडलेला भार, दोन्ही नोंदविले.

निष्कर्ष :
पाय धुणारा गुरू हा नम्रतेचा आदर्श खराच. परंतु पाणी कोणी आणले, हे विचारल्याखेरीज त्या आदर्शाचे आकलन पूर्ण होत नाही. ‘स्मृतिचित्रे’ हा प्रश्न कटुता न आणता विचारते. त्यामुळे टिळकांचे नेतृत्व उणे ठरत नाही, तर माणसांच्या मापात येते. धर्मसंस्था असो, शिक्षणसंस्था असो वा सामाजिक चळवळ, तेथील त्यागाचे मूल्यमापन करताना त्यागी व्यक्तीबरोबर तिच्या घराचीही साक्ष घेतली पाहिजे, हे या ग्रंथाचे महत्त्वाचे वाङ्मयीन व नैतिक योगदान होय.