मोटारीचें स्थळपुराण

प्रत्येक तीर्थाला जसें माहात्म्य असतें, तसें तें आतां मोटारीच्या प्रत्येक अवयवालाही लाभलें आहे. भोंगा कोठून आला, पुढें लिंबू-मिरची कां टांगतात, ट्रकच्या पाठीवर ‘हॉर्न ओके प्लीज’ हीं अक्षरें कां आलीं, यांच्या उत्पत्तिकथा चहाच्या दुकानापासून महाविद्यालयाच्या अध्यापक-कक्षापर्यंत सर्वत्र ऐकूं येतात. या कथांना छापील पुस्तकाची प्रतिष्ठा नसली, तरी त्या वाङ्मयच होत. आणि वाङ्मय म्हटलें कीं त्यांत सरस-नीरस हा भेद आलाच. तो करून पाहण्याचा येथें हेतु आहे.

बीड जिल्ह्यांतील शिरूर कासार हा ऊसतोड कामगारांचा तालुका. दसरा-दिवाळीच्या सुमारास येथील कुटुंबें ट्रकांत अथवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलींत बिऱ्हाड भरून पश्चिम महाराष्ट्रांतील व कर्नाटकांतील साखर कारखान्यांकडे निघतात. अशाच एका हंगामाच्या तोंडाशीं, ट्रक भरून होईपर्यंत चहा घेत बसलेल्या एका चालकानें आम्हांस भोंग्याची कथा सांगितली. पहिल्या मोटारीला म्हणे भोंगा नव्हता. म्हणून एका संस्थानिकानें चालकाशेजारीं तुतारीवाला बसविला. रस्त्याची धूळ खाऊन त्याला दमा जडला. वैद्यानें तुतारी बंद केली, तेव्हां त्याच्या जागीं रबरी फुगा बांधण्यांत आला. “खोटं वाटत असंल तर जुन्या गाडीचा भोंगा दाबून बघा, सर. अजून धाप लागलेलीच हाय.”

या कथेंत उत्तम थापेचीं तीनही लक्षणें आहेत. पहिलें, तिचा पुरावा त्या वस्तूंतच आहे. रबरी फुग्याचा तो घोगरा आवाज ज्यानें ऐकला असेल, त्याला क्षणभर तरी ‘कां नसावें?’ असें वाटतेंच. दुसरें, तपशील थोडे, पण नेमके. तिसरें, सांगणारा स्वतः हसत नाहीं. चिं. वि. जोशी यांच्या चिमणरावाचेंही मर्म हेंच आहे. आपली फजिती तो इतक्या गंभीरपणें निवेदन करतो कीं हसण्याचें सगळें काम वाचकावर पडतें.

याउलट लिंबू-मिरचीची प्रचलित कथा घ्या. बैलगाडीच्या काळीं प्रवासी तहानेसाठीं लिंबू बाळगीत, आणि साप चावल्यास तो विषारी कीं बिनविषारी हें ओळखण्यासाठीं मिरची चावून पाहत, असें तींत सांगतात. दृष्ट लागूं नये हें सरळ कारण उच्चारण्याची शिक्षितांस लाज वाटते, आणि ती लाज झांकण्यापुरतीच ही कथा रचलेली दिसते. तींत हसूं नाहीं. केवळ सारवासारव आहे.

आम्हांसही एक कथा ठाऊक होती, ती आम्हीं पुढें केली. दुसऱ्या महायुद्धांत तेलाच्या टंचाईमुळें ट्रक रॉकेलवर चालत; ते पेट घेतील या भयानें मागील वाहनास सावध करण्यासाठीं ‘ऑन केरोसीन’ याचीं आद्याक्षरें पाठीवर लिहीत, तेंच हें ‘ओके’. चालकानें मांडीवर थाप मारली. “सर, तुमी तर आमच्याहून मोठी हाणली!”

आम्हीं ती थाप म्हणून सांगितली नव्हती. कित्येक वर्षें ती आम्ही वर्गांत माहिती म्हणून सांगत आलों होतों.

त्या हास्यानें जी टीका केली, ती आमच्या पदवीला सुचली नव्हती. आगीची सूचना द्यावयाची, तर ती दोन परकी आद्याक्षरांत कोण देईल? पण कथेंत महायुद्ध होतें, टंचाई होती, इंग्रजी संक्षेप होता. म्हणजे विद्वत्तेचा वास होता, आणि तेवढा आम्हांस पुरला. ‘ओके’चा खरा इतिहास अॅलन वॉकर रीड या अमेरिकन भाषापंडितानें १९६० नंतरच्या दशकांत उलगडून दाखविला. १८३९ सालीं बोस्टनच्या एका वृत्तपत्रानें ‘ऑल करेक्ट’ हे शब्द विनोदानें मुद्दाम अशुद्ध लिहून त्यांचीं आद्याक्षरें छापलीं, तेथून तें रूढ झालें. आम्हीं थट्टेला इतिहास मानलें होतें, आणि इतिहास पाहूं गेलों तों तीच थट्टा निघाली! २०१५ मध्यें महाराष्ट्राच्या परिवहन आयुक्तांनीं या घोषवाक्यावर बंदी घातली, ती मात्र त्याचा सरळ अर्थ घेऊन: त्यानें विनाकारण भोंगा वाजविण्यास उत्तेजन मिळतें.

सत्य थापेहून कमी रंजक असतें असेंही नाहीं. वेल्समधील लानेली गांवच्या स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस बंधूंनीं १९०४ च्या सुमारास जादा चाक विकावयास काढलें. त्या रस्त्याचें नांव आज आपला गॅरेजवाला ‘स्टेपनी’ म्हणून घेतो. ‘डिकी’ ही मूळची गाडीच्या मागची उघडी बैठक. घोडागाडीच्या काळीं तेथें नोकर बसे. आतां तेथें सामान असतें.

थाप अवश्य सांगावी; परंतु ती थाप आहे, हें सांगणाऱ्यास ठाऊक असावें. त्या चालकास तें ठाऊक होतें. चहा संपवून तो उठला, तेव्हां ट्रक भरला होता. भांड्यांवर, गोधड्यांवर बायकामुलें बसलीं होतीं. मागच्या फळीवर तींच अक्षरें होतीं, अर्धवट पुसलेलीं.