वारली चौक पाहताना

सूरजकुंड मेळ्यात किंवा दिल्ली हाटात तुम्ही कपावर, कापडावर वारली चित्र पाहिले असेल: त्रिकोणी माणसे, तारप्याभोवती नाच. मूळ लग्नचौक मात्र डहाणू-जव्हारकडे लग्नघराच्या भिंतीवर सुवासिनी काढतात. मध्ये पालघाट देवी, भोवती झाडे, पाखरे. कारवीचा कूड, शेणमाती, गेरू, तांदळाचे पीठ, बांबूची काडी हे सारे साहित्य त्याच परिसरातले. १९७०च्या दशकात जिव्या सोमा म्हशे यांनी ही कला कागदावर आणून जगापुढे नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. हा लाभ मोठाच. पण बाजारी नकलेत नाच उरतो, देवी आणि झाडे गळतात. म्हणून असे चित्र पाहताना आधी विचारा: यात रान कुठे आहे?